चपला बघणाऱ्या डॉक्टरबाई

आमच्या मजल्यावर कुणाच्याही दाराबाहेर लहान मुलाची चप्पल उलटी पडलेली दिसली की माझा हात अजून आपोआप खाली जातो. उचलायची, तळ बघायचा, टाचेकडे झिजलीय की अंगठ्याकडे, डावी-उजवी सारखीच झिजलीय ना, आणि मग गपचूप सरळ करून ठेवायची. शेजारच्या वहिनींनी एकदा मला असं करताना बघितलं आणि तेव्हापासून त्या आपली चप्पल-बुटं आत ठेवतात. ठेवू देत. ही खोड मला डॉक्टरबाईंनी लावली. त्या आता नाहीत, खोड राहिलीय.

डॉक्टरबाई म्हणजे सोनोग्राफीवाल्या. वसईतल्या पापडीत आपल्या जुन्या घराची पुढची पडवी बंद करून त्यांनी दवाखाना काढला होता; मागे केळीची वाडी. वय सत्तरीच्या घरातलं, अंगावर पांढरी सुती साडी, पायात पोरांचे पीटीला असतात तसले कापडी बूट, आणि फिरायला एक जुनाट स्कूटर. लग्न केलं नव्हतं. रविवारची मिस्सा चुकवायच्या नाहीत, पण मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर गप्पा मारत उभ्या राहण्याऐवजी स्कूटर काढून कुणाच्या तरी दारात जाऊन बसायच्या. दारात म्हणजे अक्षरशः दारात. आत जायच्या आधी बाहेरच्या चपला बघायच्या, आणि त्यातल्या पोरांच्या चपला हातात घेऊन जिन्यावर बसायच्या.

नालासोपाऱ्याच्या एका सोसायटीत वॉचमनने त्यांना चपलाचोर म्हणून धरलं होतं. सेक्रेटरी धावत आला. म्हणाला, "बाई, चांगल्या घरच्या दिसता. चपला कसल्या चोरता?"

"चोरत नाही, वाचते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"काय वाचलंत मग?"

"तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा चवड्यांवर चालतो. त्याच्या आईला खाली बोलवा."

आई खाली आली आणि डॉक्टरबाईंना बघून रडायलाच लागली, तेव्हा कुठे वॉचमनने त्यांचा दंड सोडला. हा किस्सा त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना वॉचमनची बाजू घ्यायच्या. "त्याचं काम तो करत होता, माझं मी करत होते. दोघंही बरोबर होतो."

त्यांचं काम म्हणजे काय, ते मात्र नीट सांगायला हवं. ज्यांच्या चपला त्या बघत फिरायच्या ती सगळी पोरं त्यांनी आईच्या पोटात असताना मशीनवर बघितलेली होती. तीही सगळी नाही. जुळी, आणि जुळ्यांतलीही फक्त ती, ज्यांना पोटात दोघांत मिळून एकच वार होती. वार म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला पोसणारी. बाळाच्या पाठोपाठ ती बाहेर येते आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. डॉक्टरबाई आधी तिच्याकडे बघायच्या.

दवाखान्यात कुणी आधीच्या कुठल्या तरी तपासणीनंतर हसत हसत आलं, "मॅडम, जुळी आहेत आम्हाला," म्हणालं, की बाकीच्या बायका कौतुकाने वळून बघायच्या आणि डॉक्टरबाई विचारायच्या, "वार एक की दोन?" बस्स. अभिनंदन नाही, हसणं नाही. एका हौशी आजोबांनी आणलेला पेढ्यांचा पुडा त्यांनी उघडू दिला नव्हता. "वारेला विचारून मग उघडू," म्हणाल्या. आजोबा पुडा मांडीवर घेऊन बसले होते. दुसऱ्या एका पाहुण्याने डोळा मिचकावून "मॅडम, पेढे की बर्फी?" असं विचारलं होतं. "तुरुंगातली भाकरी," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि बोटाने भिंतीवरच्या पाटीकडे दाखवलं. त्या माणसाला त्यांनी बाहेर रस्त्यावर उभं केलं आणि त्याच्या बायकोला मात्र आत बसवून चहा पाजला.

बोलणं समोरच्या बाईसारखं. माझ्याशी शहरी मराठीत बोलायच्या. कळंबची एक कोळीण आत गेली की पडद्यापलीकडून ऐकू यायचं, "पानी बरं हाय ना, बाय?" आणि डॉक्टरबाईंचं उत्तर, "पानी बरं हाय, पोर बरं हाय. तूच जेवत नाय." बाहेर बसलेल्या आम्ही हसायचो. मला तेव्हा माहीत नव्हतं की पुढचे कित्येक महिने मी त्या एका शब्दावर जगणार आहे. पोटात बाळाभोवती पाणी किती आहे, एवढंच.

माझं सांगायचं तर मी शाळेत गणित शिकवते. नवरा महेश नोकरीला मुंबईत. सासूबाई साताऱ्याकडच्या, आमच्याकडेच राहतात. माझ्या पहिल्याच तपासणीला त्या सोबत आल्या होत्या. मशीनच्या पडद्यावर दोन टिपके लुकलुकताना दिसले आणि सासूबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. डॉक्टरबाई मशीन पोटावर सरकवत राहिल्या, मग त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. त्या खुर्ची ओढतात तेव्हा काय समजायचं, हे मला पुढे कळलं.

"वार एकच आहे, बाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी टेबलाखालून केळी काढली.

हे खरंच सांगतेय. पापडीच्या बाजारात जी केळेवाली बसायची तिला त्यांनी सांगून ठेवलं होतं की जुळी केळी निघाली की माझ्यासाठी बाजूला काढ. तिलाही बरंच होतं, नाहीतर ती घेतंय कोण? जुळं केळं खाल्लं की जुळी होतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरीलाही माहीत. डॉक्टरबाईंनी आधी फणीतली शेजारशेजारची दोन साधी केळी दाखवली. "ही दोघं शेजारी. ज्याची साल त्याला." मग ते जुळं केळं घेतलं, सुरीने आडवं कापलं. एका सालीत दोन गर, मध्ये पातळसा पडदा. "ही तुझी. साल एकच. एकाला काही झालं की दुसऱ्याला कळतं." एवढं बोलून त्यांनी त्यातला अर्धा भाग मला दिला आणि उरलेला स्वतःच्या तोंडात टाकला.

सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. "अहो, जुळं केळं देताय तिला?"

"आता कसली भीती, ताई? व्हायचं ते होऊन गेलंय."

घरी आल्यावर रात्री सासूबाई महेशला म्हणाल्या, "ही बाई डॉक्टरीण आहे का केळेवाली?" पण पुढच्या वेळी येताना पिशवीत सुपारी, देवाचा अंगारा आणि डॉक्टरबाईंसाठी साताऱ्याचे कंदी पेढे होते. पेढे डॉक्टरबाईंनी ठेवून घेतले. उघडले नाहीत.

एका वारेच्या जुळ्यांची गोष्ट त्यांनी मला मागच्या वाडीत नेऊन समजावली होती. केळींना पाणी सोडलेलं होतं, एका पाटावर दोन वाफे. "वारेवर दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. इकडून गेलं तेवढं तिकडून परत आलं तर दोघं सुखात. नाही आलं, तर एक देत राहतं आणि एक घेत राहतं." मग पायाने मातीचं एक ढेकूळ सरकवलं. एक वाफा भरून वाहू लागला, दुसरा कोरडा पडायला लागला. "देणारंही मरतं आणि घेणारंही मरतं. म्हणून तू पंधरा दिवसांनी यायचंस. दुखो न दुखो."

मी जात राहिले. पोटातल्या दोघांना त्यांनी नावं दिली होती, वरचं आणि खालचं. दर वेळी दोघांचं पाणी मोजायच्या आणि दर वेळी सारखं यायचं. एकदा नाही आलं. माझं पोट आठवड्याभरात भलतंच पुढे आलं होतं. शाळेतल्या बाया म्हणाल्या, छान वाढताहेत हो पोरं. मीही खूश होते. डॉक्टरबाईंनी मशीन लावलं आणि खुर्ची ओढली. वरचं बाळ पाण्यात पोहत होतं. खालचं कडेला चिकटून बसलं होतं, हलायलाही जागा नाही.

त्याच दिवशी त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनला फोन लावला. तो एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेला. पोटातून बारीक दुर्बीण घालायची आणि दोघांना जोडणाऱ्या वारेवरच्या वाहिन्या लेसरने जाळून बंद करायच्या, असं ते ऑपरेशन. कामावरून धावत आलेल्या महेशने मुंबईला कधी निघायचं ते विचारलं. मला मात्र आकडे हवे होते. गणिताच्या बाईला दुसरं काय सुचणार?

"वाचायचं प्रमाण किती? टक्के सांगा मला."

"टक्के हजार बायांचे असतात. तू एकटी आहेस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुला तीन उत्तरं. दोन, एक, शून्य. काही केलं नाही तर बहुतेक शून्य."

"आणि ऑपरेशन यशस्वी झालं तर?"

"यशस्वी झालं का, ते लंगडी सांगेल."

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. महेशलाही तेच वाटलं. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत येऊन त्या म्हणाल्या, ऑपरेशन झालं, पोरं जन्मली, रडली, घरी गेली, की सगळे टाळी वाजवून मोकळे होतात. रक्त असं खालीवर झालेलं असतं ना, तेव्हा मेंदूला काही लागलं असेल तर ते लगेच दिसत नाही. पोर चालायला लागतं, पळायला लागतं, एका पायावर उभं राहायला लागतं, तेव्हा दिसतं. "माझी टाळी लंगडीनंतर," म्हणाल्या.

ऑपरेशनचं मला फार आठवत नाही. भूल होती, पण झोप नव्हती. त्या सर्जनने मला आकडे सांगितले, नीट, कागदावर चित्र काढून. त्यातला एकही माझ्या लक्षात राहिला नाही, आणि मी वर्गात पाढे चुकणाऱ्यांना ओरडणारी बाई. दुसऱ्या दिवशी दोन्ही हृदयं चालू होती. घरी आलो. सासूबाईंनी दृष्ट काढली, पोटाची, दोनदा, दोघांची वेगवेगळी.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी मशीन लावलं आणि बराच वेळ एकाच जागी धरलं. मी खुर्चीकडे बघत होते. त्यांनी खुर्ची ओढली नाही, त्या उठून माझ्या डोक्याशी आल्या आणि कपाळावर हात ठेवला.

"खालचं गेलं, बाय."

त्यानंतर जो भेटला तो एकच वाक्य बोलला. एक तरी आहे ना. शाळेतल्या बाया, महेशचे मित्र, माझी सख्खी आई. एक तरी वाचलं ना, त्याच्याकडे बघ. सासूबाई पण तेच म्हणाल्या, आणि मग देवघरात जाऊन बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. चांगल्या मनानेच म्हणत होते सगळे. मला त्या वाक्याची चीड यायची. आजही येते.

डॉक्टरबाई ते वाक्य कधीच बोलल्या नाहीत. पण त्यांनी जे केलं त्याचा मला त्याहून जास्त संताप आला. गेलेलं बाळ पोटातच राहणार होतं, जिवंत बाळाच्या शेजारी, बाळंतपणापर्यंत. दुसरा उपायच नव्हता. पुढच्या खेपेला मी डोळे मिटून पडले होते. म्हटलं, वरच्याचं ठोकणारं हृदय ऐकवा आणि जाऊ द्या मला. तर त्या म्हणाल्या, "आधी खालच्याला भेटू."

"मला नाही बघायचं."

"तू बघू नकोस. मी बघते." आणि खरंच त्यांनी मशीन आधी खाली नेलं. तिथे काही हलत नव्हतं, ठोकत नव्हतं. तरी त्या थांबल्या, एखाद्याच्या घरी जाऊन दोन मिनिटं बसावं तशा. मग वर गेल्या, डोकं मोजलं, मेंदूतला रक्ताचा वेग बघितला, पाणी बघितलं. प्रत्येक वेळी हाच क्रम. मी एकदा फटकन बोलले, "मॅडम, मेलेल्याचं काय बघता?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "वरच्याला दुसरं कोण सोबत आहे आत?"

मी त्यांच्याकडे जाणं बंद करायचं ठरवलं. महेशने दुसऱ्या दवाखान्याची चौकशीही केली. पण पंधरा दिवस झाले आणि माझे पाय आपसूक पापडीकडे वळले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगते. अख्ख्या वसईत मला दोन मुलं आहेत असं मानणारं ते एकच माणूस होतं.

अनू वेळेआधी जन्मली. एवढीशी, काचेच्या पेटीत. मुलगी आहे हे तेव्हाच कळलं, आणि अर्थात खालचीही मुलगीच होती, एका वारेची जुळी दुसरी कशी असणार. डॉक्टरबाई बाळंतपणाच्या हॉस्पिटलात स्टीलचा डबा घेऊन हजर होत्या, वारेसाठी. तिथल्या नर्सला वाटलं माझ्यासाठी पेज आणलीय. वार त्यांनी उजेडात पसरून बघितली, लेसरची रेघ कुठून कुठे गेलीय, एखादी जोडवाहिनी राहून गेलीय का, सगळं. मग महेशला हाताला धरून आत घेऊन गेल्या, त्या दुसरीला बघायला. तो काय बघून आला ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही. मीही विचारत नाही.

अनूला त्या शेवटपर्यंत "वरची" म्हणायच्या. "वरची दूध पिते का? वरचीला दात आले का?" सासूबाईंना ते अजिबात आवडायचं नाही. "चांगलं नाव ठेवलंय, ते घ्यायला काय होतं," असं पुटपुटायच्या. एकदा अनूनेच विचारलं होतं, मला वरची का म्हणता. "कारण एक खालची होती," डॉक्टरबाईंनी सरळ सांगून टाकलं. अनूने थोडा विचार केला आणि विचारलं, "आमची भांडणं व्हायची?" "जागेवरून व्हायची," डॉक्टरबाई म्हणाल्या. अनूचं समाधान झालं.

त्यांच्या त्या रविवारच्या फेऱ्या मी एकदा सोबत जाऊन बघितल्या आहेत. भुईगावला एका वाडीत दोन भाऊ होते, दोघंही ऑपरेशनमधून वाचलेले. डॉक्टरबाई पोचल्या की ते न सांगता अंगणात रेघ मारून लंगडी घालायला लागायचे, आधी उजव्या पायावर, मग डाव्या. त्यांची आई सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, बांधून द्यायची. कळंबला जुळ्यांतली एकटी राहिलेली एक मुलगी होती, तिला नीट ऐकू यायचं नाही, पण लंगडीत कुणाला सुटू द्यायची नाही. प्रत्येक घरून निघताना त्या जिन्यावर किंवा स्कूटरवर बसून त्या सर्जनला फोन करायच्या. रविवारी, तो जेवत असो, झोपलेला असो. "निकाल घे," असं म्हणून सुरुवात. आणि क्रम ठरलेला. आधी गेलेलं, मग राहिलेलं.

"तो वैतागत नाही?" मी विचारलं.

"वैतागतो की. पण त्याने पोटात शिरून काम केलंय, त्याला कळायला नको? शिंप्यालाही गिऱ्हाईक परत येऊन सांगतं, काखेत आवळतंय म्हणून."

मग करोनाची साथ आली. दोन वर्षं कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. साथ आली तेव्हा अनू चालायला लागलेली होती, त्या दोन वर्षांत पळायला लागली. चालायला थोडी उशिराच लागली. मुलांचे डॉक्टर म्हणाले, वेळेआधीची बाळं घेतात वेळ. आम्ही मान डोलावली. पण तिची डावी चप्पल पुढून झिजायची. उजवी धड असायची आणि डावीचं टोक फाटलेलं. मला दिसत होतं. महेशला दिसत होतं. सासूबाईंना तर आमच्याआधी दिसलं असणार, कारण चपला त्याच पुसून ठेवायच्या. घरात तिघं मोठी माणसं आणि त्यावर कुणी एक शब्द काढत नव्हतं.

अनू पाच वर्षांची झाल्यावर एका रविवारी डॉक्टरबाईंचा फोन आला, येतेय म्हणून. त्यांची स्कूटर खाली वाजली आणि माझ्या मनात तेच जुनं आलं, खुर्ची ओढतील का. दार उघडलं. त्या जिन्यावर बसल्या होत्या, आधीपेक्षा वाळलेल्या, हातात अनूच्या चपला. कोऱ्या. तळाला अजून दुकानातला कागद चिकटलेला.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

"जुन्या कुठायत, ताई?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"फाटल्या. फेकल्या."

"आजी खोटं बोलते," अनू आतून ओरडली, "तिने गव्हाच्या डब्यामागे लपवल्यात," आणि धावत जाऊन घेऊन आली. सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. आयुष्यभर खोटं न बोललेली बाई ती, साताऱ्याची, आणि नातीसाठी एवढंसं खोटं बोलली तर तेही धड जमलं नाही. माझा त्यांच्यासाठी इतका जीव तुटला.

डॉक्टरबाईंनी डावी चप्पल उलटी केली. टोकावरून बोट फिरवलं.

"चल, वरचे. लंगडी घालू."

खाली पार्किंगमध्ये विटेच्या तुकड्याने त्यांनी रेघ मारली, इथून त्या बोगनवेलीपर्यंत. "आधी उजव्यावर." अनू उजव्या पायावर उड्या मारत गेली आणि आली, केस उडवत, खुशीत. महेशने टाळी वाजवली. डॉक्टरबाईंनी नाही.

"आता डाव्यावर."

अनूने उजवा पाय उचलला आणि पडली. उठली, परत उचलला, परत पडली. गुडघा खरचटला. मी पुढे झाले, तर डॉक्टरबाईंनी हात आडवा घातला. तिसऱ्यांदा ती बोगनवेलीच्या दिशेने कशीबशी झुकली, आणि डावा पाय काही तिचा भार उचलेना. मी सगळं समजले होते. वाहिन्या कधी जळल्या, कधी खालची गेली, त्या कुठल्या एका घटकेला वरचीच्या डोक्यात काय झालं असेल, सगळं मला त्या एका पायात दिसत होतं. मला रडू आवरेना.

अनूने फ्रॉक झटकला. आमच्याकडे बघितलं, म्हणजे एवढी मोठी माणसं कशासाठी रडताहेत तसं बघितलं, आणि डॉक्टरबाईंना म्हणाली, "पण लंगडी एकाच पायावर घालतात ना?"

डॉक्टरबाईंनी हातातला विटेचा तुकडा टाकून दिला.

"हो," मग त्या म्हणाल्या. "एकाच पायावर घालतात."

त्यांनी बूट काढले, साडीचा पदर खोचला. "घाल मग. मी पळते."

आणि सत्तरीची ती बाई उभ्या केलेल्या गाड्यांमधून पळायला लागली. गुडघे दुखत होते ते दिसत होतं, तरी पळत होती, हुलकावण्या देत होती, आणि मागे अनू, उजव्या पायावर, डावा पाय हाताने धरून. वर गॅलरीत सासूबाई पदर सोडून ओरडत होत्या, "टाकीकडून घेर तिला, टाकीकडून!" अनूने त्यांना पाण्याच्या टाकीपाशी गाठलं आणि पाठीत धपाटा घातला.

डॉक्टरबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. दम खाल्ला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, व्यायाम लागेल, बुटात आधार लागेल, आणि आजपासून सुरू करायचं, रडायचं ते रात्री. मग फोन काढला आणि मुंबईला लावला.

"निकाल घे. वसई, एका वारेच्या दोघी. आधी खालची. खालची गेली, तुला माहीत आहे. आता वरची." अनू त्यांच्या मांडीला रेलून उभी होती. "अनू नाव तिचं. डावा पाय कच्चा आहे, उजवा पक्का. लंगडी घालते. मी आऊट."